तालीम रात्री अकरापर्यंत का चालते?

आजचा एपिसोड साताऱ्या-सांगलीतल्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी. एकांकिकेच्या तालमीत रात्रीचे अकरा वाजवायचे आणि सकाळच्या लेक्चरला डुलक्या काढायच्या, हे ज्यांना माहितीये त्यांच्यासाठी.

आधी नियम बघू. आंतरविद्यापीठ युवा महोत्सवात एकांकिका जास्तीत जास्त ३० मिनिटांची. स्टेजवर ९ जण, मदतीला ३. म्हणजे टीम १२ जणांची. मग एवढ्याशा प्रयोगासाठी महिनाभर जागरणं कशाला?

गणित करू. सगळ्यांना सहाला बोलावलं. दोन तास तिघांचाच सीन चालला. बाकीचे ९ नुसते बसून. ९ गुणिले २, म्हणजे एका संध्याकाळी १८ तास वाया. वीस दिवसांत ३६०! वेळ कमी नसतो, तो नीट वाटलेला नसतो.

हे होतं कसं? दिग्दर्शक म्हणजे बऱ्याचदा गेल्या वर्षीचा भारी नट. अभिनय येतो, पण माणसांचं नियोजन त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. संहिता शेवटपर्यंत बदलते, सेट उशिरा ठरतो आणि सगळा भार बॅकस्टेजवर. कुणी दमलो म्हटलं, की लगेच ‘कमिटमेंट नाही’.

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यांच्या पाठीशी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. कॉलेजच्या टीमकडे पैसा नसतो, फुकट मिळतो तो पोरांचा वेळ. म्हणून तोच उधळला जातो.

आणि किंमत सगळ्यांना सारखी नसते. हॉस्टेलवाला चालत रूमवर जातो. तासगाव किंवा कोरेगावकडच्या मुलीची शेवटची एसटी सुटते. दोनदा असं झालं, की घरून नाटक बंद. आपण म्हणतो, ‘तिला इंटरेस्ट नव्हता.’

उपाय तीन. एक, सीनप्रमाणे आठवड्याचं वेळापत्रक. ज्याचा सीन, त्यालाच बोलवा. दोन, संहिता बदलायची शेवटची तारीख ठरवा. तीन, दिग्दर्शक सोडून दुसऱ्या कुणाला तरी स्टेज मॅनेजर करा, आणि ठरल्या वेळी तालीम थांबवायचा हक्क त्याला द्या.

लगेच भांडू नका. आज तालीम संपताना दिग्दर्शकाला एवढंच विचारा: “दादा, उद्या कुणाचं काम नाहीये?” उत्तर लगेच आलं, तर तुमची टीम बऱ्या हातात आहे.