कोयता अवजार की शस्त्र? चाकू-कोयता बाळगण्याचा कायदा काय सांगतो, पोलीस झडती कधी घेऊ शकतात? समजून घ्या

बीड, अहिल्यानगर भागातल्या ऊसतोड कामगारांमध्ये 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचलही कोयत्याच्या हिशोबाने ठरते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र हाच शब्द गेल्या काही वर्षांत 'कोयता गँग'मुळे धास्तीचा झाला आहे. गाड्यांच्या काचा फोडणं, दुकानदारांना धमकावणं, कोयता हातात घेऊन रील टाकणं अशा बातम्या सतत येतात. २०२३च्या सुरुवातीला तर कोयता विकताना खरेदीदाराचं आधार कार्ड घ्या आणि नोंद ठेवा, असं पुणे पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं होतं.

मग दुचाकीच्या डिकीत कोयता किंवा चाकू सापडला तर तो गुन्हा ठरतो का? नाकाबंदीत बॅग उघडायला सांगितली तर काय करायचं? उत्तर एका ओळीचं नाही, कारण इथे दोन वेगवेगळे कायदे एकाच वेळी लागू होतात.

शस्त्र कायदा काय म्हणतो?

पहिला कायदा केंद्राचा, शस्त्र अधिनियम १९५९. यात शस्त्राच्या व्याख्येत धारदार हत्यारंही येतात. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातली सुरी, विळा, ऊस तोडायचा कोयता या वस्तू मुळात या कायद्याच्या दृष्टीने शस्त्र नाहीत.

शस्त्र नियमांमध्ये तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू मोडतात. तिथेही घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराच्या वस्तूंना सूट आहे. तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला की 'शस्त्र अधिनियम कलम ४, २५' असा उल्लेख बातमीत दिसतो, तो याच कायद्याचा.

'९ इंचांपेक्षा लहान चाकू चालतो' हे खरं आहे का?

अर्धवट खरं, आणि म्हणूनच धोक्याचं. कारण दुसरा कायदा राज्याचा आहे, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. त्याच्या कलम ३७(१) नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. त्या आदेशात तलवारी, भाले, चाकू, लाठ्याकाठ्या आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सोबत नेण्यावर बंदी घालता येते.

इथे इंचांचा हिशोब नाही. शेतीच्या अवजाराला शस्त्र अधिनियमात मिळणारी सूटही या कलमात आपोआप मिळत नाही. त्यामुळे तोच कोयता मनाई आदेश नसताना अवजार असतो आणि आदेश लागू असताना बंदी असलेली वस्तू ठरू शकतो. सणवार, निवडणुका, मोर्चे अशा वेळी हे आदेश निघतात. गाळप हंगामासाठी कामगारांच्या गाड्या जिल्हे ओलांडत निघतात, तो काळही बहुतेकदा दिवाळीच्या आसपासचाच असतो.

आदेश मोडल्यास कलम १३५ लागतं. शिक्षा १ वर्षापर्यंत तुरुंगवास आणि दंड. न्यायालयाने खास कारण नोंदवलं नाही तर किमान ४ महिने. याशिवाय कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्हा करण्याच्या इराद्याने घातक हत्यार घेऊन फिरणं त्यात येतं.

कृपाणाचं काय?

संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्येच स्पष्टीकरण आहे की, कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जाईल. विमानात मात्र मर्यादा आहे. देशांतर्गत प्रवासात ६ इंचांपर्यंत पातं आणि एकूण ९ इंचांपर्यंत लांबीचं कृपाण शीख प्रवाशांना सोबत ठेवता येतं.

पोलीस रस्त्यात थांबवून झडती घेऊ शकतात का?

रस्त्यावर कुणालाही, कारणाशिवाय तपासण्याचा सरसकट अधिकार कायद्याने दिलेला नाही. अधिकार आहेत, पण प्रत्येकाला अट जोडलेली आहे.

• मनाई आदेश लागू असताना कुणी बंदी असलेली वस्तू घेऊन फिरत असेल, तर कोणताही पोलीस अधिकारी ती काढून घेऊ शकतो.

• शस्त्र बेकायदा कामासाठी नेलं जात असल्याचा सबळ संशय असेल, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २० नुसार वॉरंटशिवाय अटक आणि जप्ती करता येते.

• महाराष्ट्र पोलीस अधिनियमात रस्त्यावरच्या झडतीची तरतूद आहे, पण ती चोरीच्या मालाच्या संशयापुरती.

• अटकेनंतर अंगझडती घेता येते. काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. महिलेची झडती महिलेनेच, सभ्यतेचं भान ठेवून घ्यायची असते.

मनात आलं म्हणून बॅग रिकामी करायला लावणं यापैकी कशातच बसत नाही. संशय कशामुळे आला, हे पोलिसांना सांगता आलं पाहिजे, कारण न्यायालयात पहिला प्रश्न तोच येतो.

नव्या कायद्याने काय बदललं?

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीच्या कारवाईचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं आहे, शक्यतो मोबाइलवर. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आहे. जागेची झडती घेताना दोन स्वतंत्र पंच लागतात. पूर्वी अशा खटल्यांमध्ये पंच फितूर झाले की जप्तीवरच प्रश्नचिन्ह लागायचं. आता व्हिडिओ दोन्ही बाजूंच्या कामाचा आहे. खरोखर हत्यार सापडलं असेल तर आरोपीला नाकारता येणार नाही, आणि सापडलं नसेल तर ते 'सापडवणं' कठीण जाईल.

तुम्हाला थांबवलं तर काय कराल?

झटापट करू नका. सरकारी कामात अडथळा आणल्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो. शांतपणे कारण विचारा. सोबतची वस्तू कामाची असेल तर ते लगेच सांगा. आचारी, शहाळी विकणारे, मटणाच्या दुकानातले कामगार यांनी सुरी किंवा कोयता नीट गुंडाळून, कामाच्या इतर सामानासोबत ठेवावा. नवीन खरेदी असेल तर बिल जवळ ठेवा. वस्तू कशासाठी नेत होतात, हे दाखवणारा पुरावा तोच.

अटक झाली तर अधिकाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना किंवा मित्राला कळवणं बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. ती का गरजेची आहे, हे पोलिसांना लेखी नोंदवावं लागतं.

मुलगा १८ वर्षांखालील असेल तर?

अशा मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. पण पालकांनी याकडे सूट म्हणून पाहू नये. रीलसाठी हातात घेतलेला कोयता उद्या पोलिसांच्या नोंदीत जातो, आणि त्या व्हिडिओत तो ऊस तोडायला नेला होता असं सांगायला जागा उरत नाही.

सण किंवा निवडणूक जवळ आली की आपल्या शहरात किंवा जिल्ह्यात कलम ३७(१) चा आदेश लागू आहे का, हे एकदा पाहा. आदेशाची मुदत आणि त्यात कुणाला सूट दिली आहे, या दोन ओळी आधी वाचा. धारदार अवजारांवर ज्यांचं पोट आहे, त्यांच्यासाठी त्याच ओळी महत्त्वाच्या आहेत.