फ्रँकफर्ट ते सहार: विमानाने माल कसा येतो

फ्रँकफर्टहून सुटलेलं विमान साधारण आठ तासांत मुंबईत उतरतं. त्याच विमानातून आलेला खोका चाकणच्या कारखान्यात पोचायला मात्र पाच-सहा दिवस सहज लागतात, आणि मग मालक फोनवर विचारतो, "अहो, एवढे पैसे मोजून विमानाने मागवला ना?" प्रश्न रास्त आहे. पण विमानाने माल मागवण्यात उड्डाण हा सगळ्यात छोटा आणि बहुतेक वेळा बिनतक्रार टप्पा असतो. वेळ आणि पैसा जातो तो जमिनीवर: ट्रकमध्ये, गोदामात, एक्स-रे यंत्रापुढे आणि सगळ्यात जास्त कागदात.

एक खोका धरून चालू. स्टुटगार्टच्या आसपास यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची दाटी आहे आणि चाकण-भोसरी पट्ट्यात त्यांची यंत्रं पुष्कळ. समजा, एका सीएनसी यंत्राचा स्पिंडल, म्हणजे हत्यार फिरवणारा मुख्य दांडा, गेला. नवा स्पिंडल हॅम्बुर्गहून जहाजाने न्हावाशेवाला येणार म्हणजे महिना तरी धरायचा. तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाज आलं तर त्याहून जास्त. तेवढा काळ यंत्र बंद ठेवणं कुणालाच परवडत नाही. जगातल्या व्यापाराचा वजनाने एक टक्कासुद्धा माल विमानाने जात नाही, पण किमतीने पाहिलं तर तो सुमारे एक तृतीयांश भरतो, त्याचं कारण हे असं असतं. नाशिकची द्राक्षं थंड कंटेनरमधून जहाजाने युरोपला जातात, कारण त्यांना तेवढा दम असतो. पिकायला आलेल्या हापूसला तो नसतो, म्हणून त्याला विमानाचं भाडं सोसावं लागतं.

स्पिंडल लाकडी खोक्यात बसवला. त्या लाकडाकडे एकदा नीट बघा. कच्च्या लाकडातून किडे देशोदेशी फिरतात, म्हणून खोक्याचं लाकूड 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं असावं लागतं. तसं केल्याची खूण म्हणजे फळीवर डागलेला छोटा शिक्का: गव्हाच्या ओंबीचं चित्र, शेजारी जर्मनीचा सांकेतिक 'डीई' आणि उष्णता दिल्याचा 'एचटी'. लाखो रुपयांचा सुटा भाग आणि खाली बिनशिक्क्याची फळी, एवढ्यावरून माल मुंबईत अडकू शकतो. प्लायवूडला हा नियम लागू नाही, त्यामुळे जाणते पॅकर सरळ प्लायवूड वापरतात.

आता भाडं. खोका 120 बाय 80 बाय 100 सेंटिमीटर, वजन 110 किलो. भाडं 110 किलोंचं लागेल असं वाटतं, पण तसं होत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायचं. इथे 160 येतात. खरं वजन आणि हे आकारमानी वजन यांत जे मोठं, त्यावर भाडं. ते 'चार्जेबल वेट'. म्हणजे 50 किलो आपण निव्वळ हवेचे भरतो. कुरिअर कंपन्या बहुधा 5000 ने भागतात, त्यामुळे त्यांच्याकडे हाच खोका 192 किलोंचा होतो. खोका दहा सेंटिमीटरने बुटका करता आला, तर भाड्यावर घासाघीस करण्यापेक्षा जास्त पैसे वाचतात. हे पॅकिंग करणाऱ्याला माहीत असतं. ऑर्डर देणाऱ्याच्या ते सहसा डोक्यात नसतं.

दर पायऱ्यांचे असतात: 45 किलोंपर्यंत एक, मग 45 च्या वर, 100 च्या वर, 300 च्या वर, आणि प्रत्येक पायरीला किलोमागे दर उतरतो. त्यातून एक गंमत निघते. समजा, 45 च्या वर 4 युरो आणि 100 च्या वर 3 युरो दर आहे. 80 किलोंचे होतात 320 युरो, पण 100 किलोंचे 300. अशा वेळी 80 किलोंचा माल 100 किलोंच्या दराने लावता येतो आणि तो नियमातच बसतो. यावर इंधनाचा आणि सुरक्षेचा अधिभार वेगळा. कोटेशन वाचताना मूळ दरापेक्षा या खालच्या ओळींवर जास्त वेळ घालवावा.

विमान कंपनी कारखान्याशी सहसा थेट बोलत नाही. मधे फॉरवर्डर असतो. तो दहा गिऱ्हाइकांचे खोके एकत्र करतो आणि कंपनीकडून एकच पावती घेतो, ते मास्टर एअरवे बिल. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचं हाउस एअरवे बिल देतो. मास्टर बिलाचा नंबर अकरा आकडी असतो आणि तो वाचता येतो. पहिले तीन आकडे कंपनीचे: 020 म्हणजे लुफ्तान्सा, 098 म्हणजे एअर इंडिया. पुढचे सात अनुक्रमांकाचे. शेवटचा आकडा तपासणीचा: त्या सात आकड्यांच्या संख्येला सातने भागून उरलेली बाकी. 1234567 ला सातने भागलं तर बाकी 5, म्हणून नंबर होतो 020-12345675. एखादा आकडा चुकून टंकला गेला तर बहुतेक वेळा तिथेच कळतं.

जहाजाचं बिल ऑफ लेडिंग मालाच्या मालकीचा कागद असतो. ते हातात असेल त्याचा माल. एअरवे बिल तसं नाही, ती फक्त वाहतुकीच्या कराराची आणि माल मिळाल्याची नोंद. त्यावर घेणारा म्हणून ज्याचं नाव आहे, त्याला माल मिळतो. म्हणून पैसे येण्याआधी माल हातचा जाऊ नये असं वाटणारा विकणारा, घेणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव टाकतो. मग बँकेचं पत्र मिळेपर्यंत माल मुंबईच्या सहार विमानतळावर पडून राहतो, आणि विमानाचं भाडं कशासाठी भरलं हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

खरेदीच्या अटींबद्दल इथेच सांगायला हवं. आपल्याकडे 'एक्स वर्क्स' अट लोकप्रिय आहे, कारण किंमत कमी दिसते. तिचा अर्थ असा की जर्मन कारखान्याच्या दारापासून पुढचं सगळं आपल्या गळ्यात, निर्यातीची कागदपत्रंसुद्धा. पण युरोपीय संघाच्या कायद्याप्रमाणे निर्यातदार संघातलाच असावा लागतो. चाकणची कंपनी तिथे निर्यातदार होऊ शकत नाही. मग ऐनवेळी धावाधाव. 'एफसीए' अट घेतली तर निर्यातीची जबाबदारी विकणाऱ्याची राहते. माझं मत विचाराल तर विमानाच्या मालाला एक्स वर्क्स घेऊच नये.

जर्मन कस्टम्सचं काम संगणकावर चालतं. 1000 युरोंच्या किंवा 1000 किलोंच्या वर माल असेल तर 'आटलास' प्रणालीत निर्यात घोषणा करावी लागते. 3000 युरोंच्या वर गेला की दोन टप्पे: आधी कारखान्याच्या भागातलं कस्टम्स कार्यालय, मग विमानतळावरचं. मोठे निर्यातदार परवानगी घेऊन पहिला टप्पा सोपा करून घेतात, छोट्यांचा त्यात दिवस जाऊ शकतो. शिवाय पाच अक्षांवर चालणारी काही यंत्रं नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांची मानली जातात. त्यांचा काही भाग परवान्याच्या यादीत बसत असेल तर फ्रँकफर्टजवळच्या एश्बोर्नमधल्या 'बाफा' या कार्यालयाचा परवाना लागतो. हे मशीन घेतानाच विचारून ठेवावं, ते बिघडल्यावर नव्हे.

सुरक्षेचा भाग 2010 नंतर बराच बदलला. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस येमेनहून निघालेल्या दोन पार्सलांत प्रिंटरच्या टोनरमध्ये लपवलेले बॉम्ब सापडले, एक दुबईत आणि एक इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विमानतळावर. इंग्लंडमधलं पार्सल त्याआधी कोलोन-बॉनच्या विमानतळावरून पुढे गेलं होतं. आता जर्मनीत ज्या कारखान्याला नागरी विमानवाहतूक कार्यालयाने 'ज्ञात प्रेषक' म्हणून मान्यता दिली आहे, त्याचा माल सुरक्षित धरला जातो. बाकी सगळ्यांचा एक्स-रेखाली जातो. जाड पोलादी स्पिंडल एक्स-रेत नीट दिसत नाही, मग दुसरी पद्धत वापरावी लागते आणि बिलात एक ओळ वाढते. 2024 च्या जुलैत लाइपझिगच्या डीएचएल केंद्रात एक पार्सल जमिनीवरच पेटलं, तेव्हा हे सगळं कशासाठी चाललंय ते पुन्हा दिसलं.

धोकादायक माल म्हटलं की लोकांना रसायनाचे पिंप आठवतात. प्रत्यक्षात साध्या वस्तू अडतात: लिथियमची बॅटरी, परफ्यूम, जोरकस चुंबक. नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला 1 एप्रिल 2016 पासून बंदी आहे. आपल्या स्पिंडलमध्ये चाचणीचं तेल राहिलेलं असू शकतं, म्हणून ते काढलं आहे असं लिहून मागतात.

खोका मग फ्रँकफर्टला निघतो, सुमारे दोनशे किलोमीटर, ट्रकने. विमान कंपनीच्या ताब्यात आल्यावरही युरोपात माल खुशाल एअरवे बिलावर, फ्लाइट नंबर लावलेल्या ट्रकने फिरतो. फ्रँकफर्टची मालवाहतूक 'कार्गो सिटी' नावाच्या दोन भागांत चालते. दक्षिणेचा भाग जुन्या अमेरिकी हवाई तळाच्या जागेवर आहे. याच तळावरून 1948-49 मध्ये नाकेबंदीत सापडलेल्या पश्चिम बर्लिनला माल जात होता. पंधरा महिन्यांत सगळ्या तळांवरून मिळून वीस लाख टनांहून जास्त माल गेला आणि त्यात सुमारे दोन तृतीयांश नुसता कोळसा होता. कोळसा विमानाने नेण्याचा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसत नाही. तो राजकारणाच्या हिशेबात बसला. आज एकटं फ्रँकफर्ट वर्षाला साधारण तेवढाच माल हाताळतं आणि त्यात कोळसा नसतो.

इथे रात्री अकरा ते पहाटे पाच ठरलेली उड्डाणं होत नाहीत. आजूबाजूच्या गावांनी आवाजाविरुद्ध लढून 2011 मध्ये ही बंदी मिळवली आणि एप्रिल 2012 मध्ये लाइपझिगच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती कायम केली. त्याच लाइपझिगच्या विमानतळावर मालवाहू विमानं रात्रभर उतरतात, आणि म्हणूनच डीएचएलने 2008 मध्ये आपलं मोठं केंद्र तिथे उघडलं. कुरिअरचं पार्सल दोन दिवसांत दारात येतं त्यामागे ही रात्र आहे: संध्याकाळी उचललं, रात्री वेगळं केलं, पहाटे उडालं. कागद, कस्टम्स, ट्रक सगळं एकाच कंपनीच्या हातात. लहान पार्सलाला ते परवडतं. आपल्या 192 किलोंना सहसा नाही.

गोदामात खोका पॅलेटवर चढतो. ही पॅलेट म्हणजे 318 बाय 244 सेंटिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा; वर माल रचून जाळी ताणतात. प्रवासी विमानाच्या पोटात जाणाऱ्या मालाची उंची साधारण 160 सेंटिमीटरपर्यंतच असावी लागते. त्याहून उंच असेल तर मालवाहू विमानच हवं, आणि ती प्रवासी विमानांसारखी रोज नसतात. पाच सेंटिमीटर जास्त उंचीच्या खोक्याने दोन-तीन दिवस असे जातात.

प्रवासी विमानात मालाचा नंबर शेवटचा. प्रवासी आणि त्यांच्या बॅगा आधी, मग समोरून वारा जोराचा असेल तर जादा इंधन, आणि मग उरलेल्या वजनात माल. एसटी वेळेवर सुटायचीच, टपावरचं पार्सल राहिलं तर पुढच्या गाडीने. तोच न्याय इथे. याला 'ऑफलोड' म्हणतात. शुक्रवारी हे जास्त होतं, कारण आठवडा संपताना सगळे कारखाने एकदम माल काढतात. घाईचा माल मंगळवार-बुधवारी विमानतळावर पोचेल असा बेत करावा.

उलट दिशेची एक गोष्ट सांगतो, कारण तिथे माल यंत्र नसून आंबा आहे. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंबा बंद केला, ऐन हंगामात. आंब्याबरोबर कारलं, पडवळ, वांगं आणि अळूही गेलं. 2015 च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली, ती निर्यातीआधीची तपासणी आणि गरम पाण्याची किंवा वाफेची प्रक्रिया कडक केल्यावर. वाशीला राज्य कृषी पणन मंडळाची अशी सुविधा आहे. फ्रँकफर्टला नाशवंत मालाचं वेगळं केंद्र आहे, तिथे तापमानाचे कप्पे आणि वनस्पती-आरोग्य तपासणी एकाच छपराखाली होते. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र चुकलं तर मात्र थंडगार खोलीतला आंबाही नष्ट करतात.

आपला खोका सहारला उतरला. कंपनीने मालाची यादी कस्टम्सला आधीच पाठवलेली असते. सीएचए, म्हणजे आपला कस्टम्स एजंट, बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीची घोषणा, विमान येण्याआधीच भरू शकतो आणि त्याने ती भरावीच. उशिराला दिवसाला पाच हजार, तीन दिवसांनंतर दहा हजार रुपये दंड आहे. ती सहारलाच तपासली जाईल असंही नाही. 2020 पासूनच्या 'फेसलेस' पद्धतीत तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असू शकतो. त्याला खोका दिसत नाही, फक्त इन्व्हॉइस दिसतं. इन्व्हॉइसवर नुसतं 'स्पेअर पार्ट' लिहिलं असेल तर शंका निघणार, उत्तर जाणार आणि दिवस मोडणार. भागाचं नाव, कशासाठी, मशीनचा क्रमांक, एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आकडा), मूळ देश हे सगळं तिथेच हवं.

ड्युटी मालाच्या किमतीत भाडं आणि विमा मिळवून लागते. पण विमानाच्या मालाला एक सवलत आहे: भाडं मालाच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे भाडं-विमा सोडून विमानात चढवेपर्यंतच्या किमतीच्या, वीस टक्क्यांपर्यंतच धरतात. चार लाखांच्या स्पिंडलला एक लाख दहा हजार भाडं पडलं, तरी हिशेबात ऐंशी हजारच येतात. एजंटने पूर्ण भाडं धरलं आहे का, हे एकदा बिलात पाहून घ्यावं. गोदामाची फुकट मुदत संपली की डेमरेज चालू होतं आणि ते चार्जेबल वेटवर लागू शकतं, म्हणजे हवेचे 50 किलो इथेही भरायचे.

गेटपास मिळून ट्रक द्रुतगती मार्गाने चाकणला आला की पावतीवर सही करण्याआधी खोका चारी बाजूंनी पाहावा. धक्का लागल्यावर लाल होणारा स्टिकर पाहावा. काही वावगं वाटलं तर पावतीवरच तसं लिहावं आणि फोटो काढावेत. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे मोडतोडीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत, उशिराची 21 दिवसांत द्यावी लागते. दाव्याला दोन वर्षं. तक्रार टिकली तरी विमान कंपनीची जबाबदारी किलोला 26 'एसडीआर' (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) इतकीच, म्हणजे साधारण तीन हजार रुपये, आणि इथे मोजतात ते खरं वजन. 110 किलोंना सव्वातीन लाखांच्या आसपास. चार लाखांचा स्पिंडल असेल तर मधला फरक विम्यानेच भरून निघतो, आणि तो विमा जर्मनीतून माल उचलण्याआधी उतरवलेला असावा लागतो.