तांबड्या पेशी आणि पांढऱ्या पेशी

रक्ततपासणीचा कागद हाती आला की आपण तो घडी घालून पिशवीत ठेवतो. डॉक्टर बघतील, आपल्याला काय कळते? मी कला शाखेचा पदवीधर. बँकेत रोज आकडे तपासतो, पण गेल्या वर्षी पत्नीचा रिपोर्ट मला वाचता आला नाही. जिना चढताना तिला धाप लागे. ‘वय झाले’ म्हणून आम्ही सहा महिने काढले. हिमोग्लोबिन निघाले ८! तेव्हा डॉक्टरांनी जे समजावले, ते बंधू-भगिनींसमोर थोडक्यात मांडतो.

दोन्ही पेशी हाडांच्या मगजात, एकाच प्रकारच्या मूळ पेशींपासून तयार होतात. पुढे मात्र वाटा वेगळ्या.

तांबडी पेशी चकतीसारखी, मध्ये दोन्ही बाजूंनी दबलेली असते. पूर्ण वाढलेल्या पेशीत केंद्रक नसते. ती हिमोग्लोबिनने भरलेली असते. फुप्फुसातील प्राणवायू शरीरभर पोहोचवणे हे तिचे काम. एका घन मिलिमीटर रक्तात अशा सुमारे ४० ते ५५ लाख पेशी असतात. आयुष्य साधारण १२० दिवस. नंतर ती मोडते, पण तिच्यातील लोह शरीर पुन्हा वापरते.

पांढऱ्या पेशी तेवढ्याच रक्तात फक्त ४,००० ते ११,००० असतात. त्या रंगहीन, बहुतेक आकाराने मोठ्या व केंद्रक असलेल्या. त्यांचे मुख्य प्रकार पाच. काही जंतूंना गिळतात, काही प्रतिपिंडे बनवतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून त्या जखमेपर्यंत जातात. काही थोडेच दिवस जगतात, तर काही वर्षानुवर्षे जंतूची ओळख जपतात. लस उपयोगी पडते ती यामुळेच.

म्हणून रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ पेक्षा आणि पुरुषांत १३ पेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय. पांढऱ्या पेशी वाढल्या असतील, तर बहुधा कुठेतरी संसर्ग. डेंग्यूसारख्या तापात मात्र त्या घटतात. कारण डॉक्टरांनीच शोधायचे.

पत्नीच्या पांढऱ्या पेशी ७,००० होत्या, म्हणजे पहारा शाबूत होता. वाहतूक मंदावली होती. पुढील तपासणीत लोहाची कमतरता आढळली. गोळ्या सुरू झाल्या, जेवणाबरोबरचा चहा बंद झाला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ वर आले.

सर्वांना वाढून झाल्यावर उरलेले खाणाऱ्या माउल्या आपल्या घरोघरी आहेत. त्यांच्या थकव्याला वयाचे नाव देण्याआधी एकदा त्यांचे रक्त तपासून घ्या, एवढीच विनंती.