मागणे आणि सोपवणे

प्रार्थना म्हणजे देवापुढे मागण्यांची यादी वाचणे, असे पुष्कळांना वाटते. ख्रिस्ती प्रार्थना मागण्याला मना करीत नाही. पण ती तिथेच थांबत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिकवलेली प्रार्थना पाहा. तिच्यात रोजची भाकर आहे. पण देवाची इच्छा पूर्ण होवो, ही विनंती तिच्याआधी आहे.

त्याच शुभवर्तमानाच्या २६ व्या अध्यायात, धरला जाण्याच्या रात्री, येशू गेथशेमाने येथे तीन वेळा प्रार्थना करतो. दुःखाचा प्याला शक्य तर टळावा, असे तो आधी मोकळेपणी मागतो. दुसऱ्यांदा मात्र, तो टळणार नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, अशी भाषा येते. म्हणजे सोपवणे एका दमात साधत नाही, आणि त्यासाठी मनातली भीती लपवावीही लागत नाही.

प्याला टळला नाही. पण व्याकूळ झालेला येशू शेवटी उठतो, शिष्यांना उठवतो आणि येणाऱ्यांना सामोरा जातो.

तेव्हा समर्पण म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. घरात मूल आजारी असले, तर डॉक्टरला बोलवा, ते बरे व्हावे म्हणून देवाजवळ मागा, आणि जे आपल्या हाती उरत नाही ते त्याच्यावर सोपवा. मग उशाशी रात्र काढायला बळ येते.