चार तळहातांचा आधार

हवा भरलेला टायर व्यवहारात आणण्याचे श्रेय ज्या माणसाला दिले जाते, तो अभियंता नव्हता, वैद्यकीय व्यवसायातीलच होता. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधील पशुवैद्य. मुलाच्या तीनचाकी सायकलीला खडबडीत रस्त्यावर बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून त्यांनी चाकांना रबराच्या हवा भरलेल्या नळ्या बसविल्या आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. रुग्ण आणि औषधे यांत रमणाऱ्या आपल्यासारख्यांनी टायरविषयी लिहिण्याचे धाडस करावे, याला एवढा पूर्वजाचा आधार पुरेसा व्हावा.

मला हा विषय एका पावसाळी रात्रीने शिकविला. आठवड्यातून एकदा रुग्ण तपासण्यासाठी बेळगावहून निपाणीला जाण्याचा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. जुलैतील त्या दिवशी सकाळी जाताना रस्ता कोरडा ठणठणीत होता. परतताना संकेश्वर सोडले आणि पावसाने गाठले. यमकनमर्डी मागे पडली. वंटमुरी घाट ओलांडून काकतीच्या अलीकडे सरळ रस्त्यावर आलो, तेव्हा वेग ऐंशीच्या थोडा वर होता. रस्त्यावर पाण्याचा थर साचलेला होता. एकाएकी स्टिअरिंग हलके झाले. हातात चाक आहे, पण त्याला खाली काहीच जोडलेले नाही, असे वाटले. गाडी दुभाजकाकडे सरकू लागली. शेजारी बसलेले माझे सहकारी डॉक्टर एक शब्दही बोलले नाहीत. दोन-तीन क्षणांनी चाकांना पुन्हा रस्ता सापडला आणि आम्ही वाचलो.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने चारी चाके पाहिली, हवा मोजली आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, टायर पट्टीला लागलंय की! आणि हवा चोवीसच हाय." तपासणी, निदान आणि पूर्वसूचना, सारे त्या दोन वाक्यांत आले.

चालत्या मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी, आणि ते प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे असते. आपले ब्रेक, आपले कौशल्य आणि गाडीतील सारी आधुनिक साधने अखेर या चार तळहातांवर विसंबून असतात. कोरड्या रस्त्यावर त्यांचे काम सोपे असते. तेथे जितके अधिक रबर रस्त्याला टेकेल तितकी पकड चांगली. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या हवेत खाचाच नसलेले गुळगुळीत टायर लावतात. ओल्या रस्त्यावर मात्र टायरला आधी पाणी बाजूला सारावे लागते, मगच रस्ता भेटतो. हे काम टायरवरच्या खाचा करतात. खाचा उथळ झाल्या की पाणी निघून जाण्यास वाट उरत नाही, टायरपुढे त्याची पाचर तयार होते आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात.

येथेच खरी फसगत आहे. झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर कसलीही तक्रार करीत नाही. उच्च रक्तदाबाचा रुग्ण जसा "मला काहीच होत नाही" म्हणून वर्षानुवर्षे हिंडतो, तसा हा टायर मार्च-एप्रिलमध्ये उत्तम चालतो आणि जूनमध्ये दगा देतो. दुखणे नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, हे आपण रोज इतरांना सांगतो. स्वतःच्या गाडीबाबत मात्र विसरतो.

विमानांच्या चाकांवर संशोधन करताना अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये एक सोपे सूत्र मांडले. पाण्याचा थर खाचांपेक्षा खोल असेल, तर चाक कोणत्या वेगाला तरंगू लागेल हे प्रामुख्याने हवेच्या दाबावर ठरते. या सूत्राने ३२ पौंड हवेला तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, तर २४ पौंडांना सुमारे ८२. माझ्या गाडीचा त्या रात्रीचा वेग आठवून मी हा हिशेब केला, तेव्हा पुन्हा एकदा घाम फुटला.

आपल्या भागात हा विचार अधिक निकडीचा आहे. चिकोडी-अथणीकडे गेलो तर कोरडा मुलूख. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे वळलो की पावसाचे राज्य. आंबोलीत तर वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. म्हणजे एकाच दिवसात, एकाच गाडीला आपण दोन निरनिराळे प्रदेश दाखवितो. त्यात पहिल्या सरींनी रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा निसरडा लेप तयार होतो, तर गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातला चिखल डांबरावर आणून टाकतात.

मग टायर निवडावा कसा? दुकानात गेल्यावर रुंद, चपटे आणि देखणे टायर मन मोहवितात. टायरच्या कडेवर '१८५/६५ आर १५ ८८ एच' असे काही लिहिलेले असते. यातील १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे रुंदीच्या तुलनेत उंचीचे शेकडा प्रमाण, १५ इंच रिमचा व्यास, ८८ म्हणजे ५६० किलो भार पेलण्याची क्षमता आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. पुढे 'व्ही' म्हणजे २४०. ही अक्षरे पाहून ग्राहक भुलतो. परंतु ती ओल्या रस्त्यावरची पकड सांगत नाहीत. उलट, बाकी सारे सारखे असता अधिक रुंद टायरला अधिक पाणी सारावे लागते आणि तो लवकर तरंगतो. फार चपट्या टायरची कड खड्ड्यात आपटून फुगण्याची भीती वेगळीच. म्हणून निर्मात्याने सांगितलेले माप शक्यतो बदलू नये, भार आणि वेग यांचे आकडे त्याने दिलेल्यांपेक्षा कमी घेऊ नयेत आणि त्या मापातच परिघाभोवती रुंद, खोल, सलग खाचा असलेला टायर पाहावा.

रबराचे मिश्रणही महत्त्वाचे. सिलिका मिसळलेले रबर ओल्या रस्त्यावर चांगले धरते. जलद गाड्यांचे मऊ रबराचे टायर पकड उत्तम देतात, पण लवकर झिजतात; "एक लाख किलोमीटर चालेल" असे अभिवचन ऐकले की पकडीचे काय, हेही विचारावे. युरोपात २०१२ पासून टायरच्या पट्टीवर ओल्या पकडीची श्रेणी छापलेली असते. आपल्याकडेही २०२२ च्या नियमांनी नव्या टायरांसाठी ओल्या पकडीचा किमान निकष ठरवून दिला आहे.

निवडीइतकीच देखभाल मोलाची. नव्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. मोटारीसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्याच्या पट्ट्या तेवढ्याच उंचीच्या असतात. माझा पंक्चरवाला "पट्टीला लागलंय" म्हणाला ते याच अर्थाने. आपल्या पावसात मात्र तीन मिलिमीटर उरताच, तेही मे महिन्यात, टायर बदलणे शहाणपणाचे. दोनच नवे घेतले तर ते मागच्या चाकांना बसवावेत. मागची पकड सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे कठीण असते. कडेवरच्या चार अंकांत टायरचे वय असते: '३५२३' म्हणजे २०२३ सालातील पस्तिसावा आठवडा. हवा पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना तपासावी, आणि स्टेपनीची विसरू नये.

एवढे करूनही पाऊस पाऊसच असतो. ताशी ८० किलोमीटरला ब्रेक लागल्यावर चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे ३२ मीटरमध्ये थांबत असेल, तर पकड निम्मी झाल्यावर तिला ६४ मीटर लागतात. एबीएस चाक अडकू देत नाही. पण नसलेली पकड तो निर्माण करू शकत नाही. चाक तरंगू लागलेच, तर ब्रेक दाबू नये, ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

रात्री-अपरात्री रुग्णाचा निरोप आला की आपण गाडीत बसतो आणि घाईने निघतो. पलीकडे कोणीतरी आपली वाट पाहत असते, हे खरे. पण अलीकडेही कोणी वाट पाहतच असते. निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून चारी चाकांकडे पाहावयास एक मिनिट पुरते. रुग्णाची नाडी पाहताना आपण घड्याळाकडे पाहत मिनिट मोजतोच. तेवढेच एक मिनिट या चार तळहातांसाठी राखून ठेवू या.