नेट मीटर व सौर विद्युत् देयक

नेट मीटर व सौर विद्युत् देयक : ग्राहकाच्या जागेत बसविलेले सौर संच आणि सार्वजनिक विद्युत् जाल यांच्यात दोन्ही दिशांनी होणाऱ्या ऊर्जेच्या देवघेवीचे मापन करणाऱ्या मापकास नेट मीटर म्हणतात. या मापनावरून ग्राहकाने द्यावयाची रक्कम ठरते. सर्वसाधारण विद्युत् मापकात एकच नोंद असते. नेट मीटरमध्ये जालाकडून घेतलेल्या ऊर्जेची (आयात) आणि जालास दिलेल्या ऊर्जेची (निर्यात) अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात. मापनाचे एकक नेहमीचेच, म्हणजे १ युनिट = १ किवॉ. तास = ३·६ मेगॅजूल हे असते.

ऊर्जा दोन्ही दिशांनी मोजण्याची कल्पना जुन्या प्रवर्तन मापकात आपोआपच साधलेली होती. हंगेरियन अभियंते ओटो ब्लाथी यांनी १८८९ मध्ये प्रचारात आणलेल्या या मापकात ॲल्युमिनियमची तबकडी शक्तीच्या प्रमाणात फिरते व शक्तीचा प्रवाह उलटला की तीही उलटी फिरते. उलटे फिरणे रोखणारा खटका नसेल, तर मापकावरील अंक चक्क कमी होत जातात. अमेरिकेत लहान जनित्रे जालास जोडू लागलेल्या ग्राहकांचा हिशेब सुरुवातीस याच गुणधर्मावर चालला. मिनेसोटा राज्याने १९८३ मध्ये या पद्धतीस कायद्याचे रूप दिले. महाराष्ट्रात विद्युत् नियामक आयोगाने २०१५ मध्ये छतावरील सौर संचांच्या नेट मापनाविषयी विनियम केले व २०१९ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आणले.

सध्याचे मापक स्थितिक म्हणजे फिरता भाग नसलेले असतात. त्यांत व्होल्टता व प्रवाह यांचे नमुने दर सेकंदास शेकडो ते हजारो वेळा घेऊन त्यांचा गुणाकार केला जातो व गुणाकारांची बेरीज साठविली जाते. बेरजेच्या चिन्हावरून ऊर्जेची दिशा समजते. स्मार्ट मीटर हा याच जातीचा मापक असून त्यात ठराविक कालखंडागणिक नोंद साठविण्याची आणि ती रेडिओ किंवा मोबाइल जालामार्फत वितरण कंपनीस कळविण्याची सोय असते. भारतात अशा मापकांसाठी आय. एस. १६४४४ हे मानक २०१५ पासून आहे. स्मार्ट मीटर आणि नेट मीटर हे एकच, असा समज आढळतो, तो बरोबर नाही. स्मार्ट मीटर दोन्ही दिशांसाठी कार्यान्वित केलेला असेल तरच तो नेट मीटरचे काम करतो.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. चोरी टाळण्याच्या हेतूने भारतातील सर्वसाधारण स्थितिक मापक असे योजलेले असतात की प्रवाहाची दिशा उलटली तरी नोंद पुढेच वाढावी. त्यामुळे नेट मीटर बसण्यापूर्वीच सौर संच चालू केला, तर दुपारी जालास दिलेली प्रत्येक युनिट ग्राहकाने वापरल्याप्रमाणे मोजली जाते. सूर्यप्रकाश जितका लख्ख, तितके देयक मोठे, असा हा विपरीत प्रकार होय. संच उभारणारे ठेकेदार उत्साहाच्या भरात ‘चालवून पाहू’ म्हणून तो सुरू करतात आणि तसाच ठेवतात. हे टाळलेच पाहिजे.

नोंदींचे वाचन : सौर संच असलेल्या घरी पुष्कळदा दोन मापक असतात. एक रोहित्राच्या बाजूस असलेला नेट मीटर व दुसरा संचाचे एकूण उत्पादन मोजणारा जनन मीटर. नेट मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने उमटतात व प्रत्येकाजवळ सांकेतिक क्रमांक असतो. अनेक मापकांवर १·८·० हा क्रमांक एकूण आयातीचा व २·८·० हा एकूण निर्यातीचा असतो. हे आकडे मापक बसविल्यापासूनची बेरीज दाखवितात. म्हणून महिन्याचा हिशेब चालू व मागील नोंदीतील फरकावरून करावयाचा. मोठ्या जोडणीत मापक प्रवाह रोहित्रामार्फत जोडलेला असल्यास देयकावर छापलेल्या गुणकाने फरकास गुणावे लागते.

उदा., एका घरी सु. ३ किवॉ. क्षमतेचा संच आहे. आयातीची नोंद ४,१२० वरून ४,३३० वर, निर्यातीची ३,८६५ वरून ४,०९५ वर व जनन मीटरची ६,५४० वरून ६,८९० वर गेली. म्हणजे आयात २१०, निर्यात २३० व उत्पादन ३५० युनिटे. येथे ग्राहकास हमखास पडणारा प्रश्न असा की, उत्पादन ३५० असता देयकात २३० युनिटांचेच श्रेय का. उरलेली १२० युनिटे कोठे गेली? ती कोठेही गेलेली नाहीत. दिवसा संच चालू असताना घरातील प्रशीतक, पंखे, पंप इत्यादींनी ती थेट वापरली. संचाची वीज प्रथम घरात खर्च होते व उरलेलीच मापक ओलांडून बाहेर जाते. घरात वापरलेली युनिटे नेट मीटरला कधी दिसतच नाहीत. म्हणून

स्ववापर = उत्पादन − निर्यात = ३५० − २३० = १२० युनिटे;
घराचा एकूण वापर = आयात + स्ववापर = २१० + १२० = ३३० युनिटे.

देयकातील निव्वळ वापर २१० − २३० = −२०, म्हणजे २० युनिटे पुढील महिन्यात जमा होतील. संच नसता तर ३३० युनिटांचे देयक आले असते, ही तुलना खरी. आयातीची उत्पादनाशी केलेली तुलना निरर्थक होय. वितरण कंपनीने युनिटे बुडविल्याच्या कित्येक तक्रारी या एका वजाबाकीने मिटतात.

निव्वळ वापर शून्य असला तरी देयक शून्य नसते. स्थिर आकार हा जोडणीचा असल्याने द्यावाच लागतो. वीज आकार, वहन आकार व इंधन समायोजन आकार हे निव्वळ युनिटांवर लागतात. घरगुती ग्राहकास १६% वीज शुल्कही द्यावे लागते. दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्यामुळे सौर उत्पादनाने सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातील युनिटे प्रथम वाचतात. म्हणूनच मोठ्या वापराच्या घरास संचाचा लाभ अधिक होतो.

जमा युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला मिटविला जातो व शिल्लक युनिटे आयोगाने ठरविलेल्या दराने कंपनी विकत घेते. हा दर ग्राहक स्वतः देतो त्या दराहून सामान्यतः बराच कमी असतो. महाराष्ट्रात उत्पादन मार्च ते मे या काळात सर्वाधिक व जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत कमी असते. थंडीत वापरही कमी असतो. त्यामुळे हिवाळ्यात साठलेली युनिटे ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी स्वस्तात जातात आणि पावसाळ्याची तूट एप्रिल-मेच्या जमेतूनच भागवावी लागते. वार्षिक वापराहून मोठा संच बसविणे यासाठीच सहसा फायद्याचे ठरत नाही.

कालानुसार दर : केंद्र शासनाने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरांची तरतूद केली. तीनुसार सौर तासांतील दर नेहमीच्या दराहून किमान २०% कमी व मागणीच्या कमाल तासांतील दर अधिक असावयाचा आहे. स्मार्ट मीटरमधील कालखंडवार नोंदींचे खरे महत्त्व येथे आहे. वरील उदाहरणातील २१० युनिटांच्या आयातीपैकी १७० रात्रीच्या व ४० दिवसाच्या मानल्या, तर दुपारची निर्यात दुपारच्याच आयातीतून वजा करण्याचा नियम असल्यास १९० युनिटे जमा राहतील, पण रात्रीच्या १७० युनिटांचे पैसे द्यावे लागतील. वजाबाकी कोणत्या खंडातून कोणत्या खंडात चालते हे आयोगाच्या त्या त्या वेळच्या आदेशावर अवलंबून असते. ग्राहकाने संचाच्या परतफेडीचे गणित करण्यापूर्वी ते पाहणे आवश्यक आहे. कपडे धुण्याचे यंत्र, पाणी तापविणे, पंप ही कामे दुपारी केल्यास मात्र कोणत्याही नियमात तोटा होत नाही.

उत्पादन अकस्मात घटल्यास दोष मापकाचाच असतो असे नाही. जालातील पुरवठा खंडित झाला की वाहिनीवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी संचाचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. व्होल्टता अंकित मूल्याच्या ११०% हून वाढली तरी तो सुटतो; एकाच रोहित्रावर बरेच संच असतील व दुपारी मागणी कमी असेल तेव्हा हे वारंवार घडते. काचांवरील धुळीचा परिणाम सर्वांस ठाऊक आहे. इन्व्हर्टरच्या पडद्यावरील आकडा व जनन मीटरची नोंद यांत काही टक्के फरक असणे स्वाभाविक असून देयकासाठी मापकाचीच नोंद ग्राह्य धरतात.

कारखान्यांत निराळाच प्रश्न उद्‌भवतो. १०० किवॉ. भार ०·९५ शक्तिगुणकाने चालत असता सु. ३३ किलोव्होल्ट-अँपिअर प्रतिक्रिय शक्ती लागते. संचाने ७० किवॉ. पुरविले तर जालाकडून ३० किवॉ. घेतले जातात, पण प्रतिक्रिय शक्ती तेवढीच राहते. परिणामी मापकास दिसणारा शक्तिगुणक सु. ०·६७ इतका खाली येतो. महाराष्ट्रात उच्च दाबाच्या ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून किलोव्होल्ट-अँपिअर तासांवर होत असल्याने याची झळ थेट देयकास बसते. धारित्रे अथवा शक्तिगुणक बदलू शकणारा इन्व्हर्टर हा त्यावर उपाय आहे.

मापकाविषयी शंका आल्यास साधी परीक्षा घरीही करता येते. मापकावर दर युनिटामागील स्पंदांची संख्या छापलेली असते. ती ३,२०० असल्यास, संच बंद ठेवून व फक्त १ किवॉ. भार चालू ठेवून लाल दिवा मिनिटास सु. ५३ वेळा लुकलुकला पाहिजे. फरक मोठा आढळल्यास वितरण कंपनीकडे मापक तपासणीची मागणी करता येते व तेथे समाधान न झाल्यास विद्युत् अधिनियम, २००३ अन्वये स्थापन झालेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत् लोकपालाकडे जाता येते.