वीतभर अंतरावरचं वंगण

संपादकांना हिंगणघाटच्या कापसाचा इतिहास हवा होता. तो मिळायला फार खटपट लागत नाही. एकोणिसाव्या शतकात ‘हिंगणघाट’ ही लिव्हरपूलच्या बाजारातली कापसाची एक प्रत होती. बणी जातीच्या कापसाने गावाला हे नाव मिळवून दिलं. मग रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. एवढं वहीत उतरवून एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, शिरलो आणि तेलाची बुधली घेऊन हिंडणाऱ्या फिटरच्या मागे लागलो. इतिहास तिथेच मागे पडला.

तिथलं यंत्र, डबल रोलर जिन, हा 1840 मध्ये फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाने पेटंट घेतलेल्या यंत्राचा वंशज. चामड्याच्या चकत्या दाबून केलेले, खाचा पाडलेले दोन रूळ फिरत असतात आणि प्रत्येकाला एक स्थिर सुरी घट्ट टेकलेली असते. धागा खडबडीत चामड्याला धरून सुरीखालून ओढला जातो. सरकी सुरीच्या कडेला अडते आणि दुसरी, हलती सुरी टोले देऊन तिला पाडते. थोडक्यात, यंत्र घासण्यावरच जगतं. चामडं गुळगुळीत झालं की कापूस निसटतो. मग रूळ उतरवून पुन्हा खाचा पाडायच्या.

आणि त्याच रुळाचा दांडा वीतभर पलीकडे बेअरिंगमध्ये फिरतो. तिथे घासणं नको. हलत्या सुरीला झटके देणाऱ्या क्रँकशाफ्टला तर अजिबात नको. इतक्या थोड्या जागेत अशा दोन उलट मागण्या सांभाळणारं दुसरं यंत्र मी पाहिलेलं नाही.

फिटर बेअरिंगच्या घरावर तळवा ठेवतो. “हात टिकला तं बरं हाये. चटका बसला तं बंद करा लागते,” एवढंच त्याचं शास्त्र. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेलं तेल. ओला स्पंज दाबावा तसं ते चालत्या बेअरिंगमध्ये थोडं थोडं सुटतं. म्हणून जास्त भरली तर चांगलंच, असं वाटतं. पण बॉल बेअरिंगमध्ये ठासून भरलेली ग्रीस घुसळली जाते आणि तीच तापते. नवा पोरगा ग्रीसगन जोरात दाबायला लागला की फिटर त्याच्या हातून ती काढून घेतो.

साध्या, गोळ्या नसलेल्या बुशमध्ये तेलाचं काम आणखी नवलाचं. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा संशोधक रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने वरून भोक पाडलं, तर तेल उलट बाहेर यायला लागलं. बूच लावलं, तेही उडालं. फिरणारा दांडा तेलाला पाचरीसारख्या अरुंद फटीत ओढून इतका दाब निर्माण करतो, की दांडा त्या तेलावर तरंगतो. त्याचं गणित 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मांडलं. वर्ध्याहून सुटणाऱ्या गाडीपासून शेतातल्या मोटरपंपापर्यंत, जिथे बुश आहे तिथे हाच नियम चालतो.

जिनमध्ये मात्र या नियमाला कापूस आडवा येतो. हवेत उडणारी रुई बेअरिंगच्या फटीत बसते आणि वातीसारखं तेल बाहेर शोषून घेते. तेल कमी पडलं की बेअरिंग तापतं, आणि भोवती असते ती पेट घ्यायला टपलेली रुई. बरं, सढळ हाताने सोडावं, तर एक थेंब चामड्यावर पडला की तिथली पकड गेली. रुईवर पडला तर डाग. तो सूतगिरणीत जाऊन दिसतो आणि भाव तुटतो. आणि पेट घ्यायला टपलेल्या रुईत तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात साठू देणं तर गुन्हाच मानला पाहिजे. मला तो ढीग दिसला, आणि फिटरलाही दिसला होता. “सांगून सांगून थकलो,” म्हणाला.

2000 मध्ये केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू झालं. त्यातून बऱ्याच जिनचं आधुनिकीकरण झालं. कापूस डोक्यावरून वाहण्याऐवजी नळ्यांतून जाऊ लागला. बेअरिंगला आपोआप ग्रीस पुरवणारे पंपही बाजारात आहेत. पण पंपाची नळी तुंबली तर ते आधी कळतं तळहातालाच. आणि हंगाम काही महिन्यांचा. उरलेलं वर्ष यंत्र बंद, पावसाळ्यात दांड्यांना गंज, जुनी ग्रीस घट्ट. फिटरला बारमाही पगार द्यायला कोण तयार आहे? तो पावसाळ्यात ट्रॅक्टर आणि मोटरसायकली दुरुस्त करतो. तिथे दोन पैसे जास्त मिळतात आणि नाकातोंडात रुई जात नाही. पोराला त्याने आयटीआयला घातलंय, पण जिनमध्ये आणणार नाही म्हणतो. दसऱ्याच्या सुमारास नवा कापूस यायला लागला की मालकाचा फोन जातो. गेल्या हंगामात तो दुसऱ्या फोनला आला.